यांगचुनची सोनेरी मूर्ती: एका वस्तूच्या चार तारखा

१९९६ मध्ये एका डच संग्राहकाने एक चिनी मूर्ती विकत घेतली. मांडी घालून बसलेली, जवळजवळ माणसाच्या मापाची, अंगभर सोनेरी. विकणाऱ्याचा व्यवहार हाँगकाँगशी जोडलेला होता आणि संग्राहकाने पुढे सांगितलेली किंमत होती ४०,००० गिल्डर. युरो यायच्या आधीचा तो काळ. मूर्तीला तडे गेले होते, किड्यांनीही काम केले होते, म्हणून ती दुरुस्तीला गेली. दुरुस्ती करणाऱ्याने बुडाची फळी काढली तेव्हा आत कापडाची बैठक सापडली आणि त्या बैठकीवर बसलेला माणूस. मूर्तीच्या आत एका भिक्षूचा वाळलेला देह होता.

पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे या एका वस्तूभोवती शास्त्रज्ञ, संग्रहालये, दोन देशांची न्यायालये आणि चीनच्या फुजियान प्रांतातली यांगचुन आणि दोंगपू ही दोन गावे गुंतत गेली. जुन्या सोनेरी बौद्ध मूर्ती गोळा करणाऱ्याने एकच प्रकरण मुळापासून वाचायचे ठरवले तर मी हेच सुचवीन. कारण ‘ही मूर्ती कधीची?’ हा संग्राहकाचा आवडता प्रश्न इथे एका उत्तरावर थांबतच नाही. देहाची तारीख वेगळी, कवचाची वेगळी, सोन्याची वेगळी आणि मूर्ती आपल्या जागेवरून हलली ती तारीख आणखी वेगळी. पहिल्या तीन तारखांवर बाजारभाव ठरतो. न्यायालयात विचारली गेली ती चौथी.

देह: अकरावे-बारावे शतक

देहाचे वय काढण्यासाठी कार्बन-१४ ची पद्धत वापरली गेली. जिवंतपणी शरीर अन्नातून हा किरणोत्सारी कार्बन घेत राहते, मृत्यूनंतर घेणे थांबते आणि साठलेला कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होईल अशा गतीने घटत जातो. उरलेल्या प्रमाणावरून काळ निघतो. इथे निष्कर्ष आला इ. स. १०२२ ते ११५५. म्हणजे सोंग राजवटीचा काळ, उत्तर सोंगचा उत्तरार्ध आणि दक्षिण सोंगची सुरुवात.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे ही तारीख नसून पट्टा आहे, तोही १३३ वर्षांचा. वातावरणातल्या कार्बन-१४ चे प्रमाण शतकानुशतके सारखे नव्हते, म्हणून प्रयोगशाळेतला आकडा झाडांच्या वार्षिक कड्यांवरून बनवलेल्या आलेखाशी जुळवावा लागतो आणि त्या जुळणीत पट्टा रुंदावतो. दुसरी गोष्ट खाण्याची. ज्याच्या आहारात समुद्री मासे भरपूर होते त्याचे हाड असते त्यापेक्षा जुने दिसते, कारण समुद्रातला कार्बन मुळातच ‘जुना’ असतो. चिनी बौद्ध भिक्षू शाकाहारी असतात, त्यामुळे या बाबतीत इथे शंकेला जागा कमी.

संग्राहकांनी एक मर्यादाही लक्षात ठेवावी. साधारण १६५० नंतरच्या वस्तूंना ही पद्धत फारशी उपयोगाची नाही. तिथे आलेख इतका सपाट आणि खाचखळग्यांचा होतो की सतराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसावे शतक एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. बाजारातल्या सोनेरी मूर्तींचा मोठा भाग छिंग काळातला, म्हणजे १६४४ ते १९११ चा, आणि नेमका तिथेच हा काटा थांबतो. ‘कार्बन चाचणी केलेली’ अशी चिठ्ठी लावलेली छिंग काळातली मूर्ती समोर आली, तर चाचणीतून काय निघाले हे विचारण्याआधी तिच्यातून निघू काय शकत होते, ते विचारावे.

कवच: बहुधा चौदावे शतक

२०१४ मध्ये ही मूर्ती नेदरलँड्समधल्या आसन येथील ड्रेन्ट्स संग्रहालयाच्या ममींच्या प्रदर्शनात आली. त्याच सुमारास अ‍ॅमर्सफोर्टच्या मेअँडर रुग्णालयात तिचा सीटी स्कॅन झाला आणि दुर्बिणीने आतले नमुने घेतले गेले. छाती-पोटाच्या पोकळीत अवयव नव्हते. त्यांच्या जागी चिनी अक्षरे लिहिलेले कागद कोंबलेले होते. ही बातमी २०१५ च्या सुरुवातीला जगभर गेली आणि सोनेरी मूर्तीशेजारी आतल्या सांगाड्याचे चित्र कोट्यवधी लोकांनी पाहिले.

वृत्तपत्रांनी लगेच ‘स्वतःला जिवंतपणी ममी बनवणारा भिक्षू’ अशी मांडणी केली. ती मला उतावळी वाटते. जपानच्या यामागाता भागात खडतर उपासाने देह सुकवत नेणाऱ्या तपस्व्यांची परंपरा आहे. बातमीदारांनी तीच उचलून फुजियानच्या देहावर बसवली. पण पोटातले अवयव निघालेले आहेत आणि जागेवर लिहिलेले कागद आहेत, याचा अर्थ मृत्यूनंतर दुसऱ्यांचे हात त्या देहावर चाललेले आहेत. चीनची या बाबतीत स्वतःची जुनी रीत आहे. ग्वांगतोंग प्रांतातल्या नानहुआ मठात छान (जपानी नाव झेन) पंथाचे सहावे गुरू हुइनेंग यांचा देह आजही बैठ्या मूर्तीच्या रूपात आहे. त्यांचा मृत्यू ७१३ सालचा. वाळलेल्या देहावर तागासारख्या धाग्याचे कापड गुंडाळायचे, लॅकरच्या झाडाचा चीक थरावर थर चढवायचा, चेहरामोहरा घडवायचा आणि वर सोने लावायचे. यात देह हाच गाभा आणि मूर्ती ही त्याची त्वचा.

ड्रेन्ट्स संग्रहालयाच्या अभ्यासकाचा अंदाज असा की हा भिक्षू सुमारे दोनशे वर्षे उघड्या ममीच्या रूपातच पुजला गेला आणि चौदाव्या शतकात त्याच्यावर मूर्तीचे कवच चढले. हा अंदाज बरोबर धरला तर एकाच वस्तूत दोन राजवटी आल्या, सोंगचा माणूस आणि युआन किंवा मिंग काळाच्या आरंभाची मूर्ती. मग विक्रीच्या यादीत काय छापायचे? ‘सोंग’ म्हटले तर मूर्तीच्या बाबतीत खोटे, ‘मिंग’ म्हटले तर आतल्या देहाच्या बाबतीत अपुरे. व्यापारी अशा वेळी जी तारीख जुनी ती पुढे करतो. त्यात सरळ खोटेपणा असतोच असे नाही, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात मात्र ती जुनी तारीख अख्ख्या वस्तूची होऊन बसते.

शैलीवरून अशा कवचाचा काळ ठरवणे अवघड. धातूची मूर्ती एकदा ओतली की तिचा चेहरा कायम राहतो. लॅकर आणि मातीच्या मूर्तीचे तसे नसते. नाकाचा टवका उडाला की नवे नाक येते, बोट तुटले की नवे बोट. शंभर-दोनशे वर्षांत चेहऱ्याचा किती भाग मूळ कारागिराचा आणि किती गावच्या मूर्तिकाराचा, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. उष्मादीप्तीची (थर्मोल्युमिनेसन्स) चाचणीही इथे लागू पडत नाही. ती भाजलेल्या मातीवर चालते, कारण भट्टीच्या उष्णतेने मातीतल्या खनिजांचे ‘घड्याळ’ शून्यावर येते. ओतीव धातूच्या मूर्तीत आत उरलेला मातीचा गाभा असेल तर ती जरूर करावी. मात्र क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनच्या आधी, कारण क्ष-किरणांनीही खनिजांत ऊर्जा साठते आणि मोजमाप बिघडते. हा क्रम चुकला की गेलेली माहिती परत मिळत नाही.

लॅकरच्या मूर्तीसाठी उरतो तो उभा छेद. तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजायचे. लॅकर हा झाडाचा चीक असल्यामुळे त्याचीही कार्बन तारीख काढता येते, आणि खालचा थर व वरचा थर वेगवेगळे तपासले तर कवचाची जन्मतारीख आणि शेवटची डागडुजी वेगळी पाडता येते. बुडाच्या लाकडी फळीची तारीख त्या मानाने दुबळा पुरावा. फळी ज्या झाडाची ते कधी वाढले एवढेच तिच्यातून कळते, सुताराने ती कधी बसवली ते कळत नाही.

सोने: तारीख नसलेला थर

सोनेरी मूर्तींच्या बाजारात सगळ्यांचे डोळे ज्या थरावर असतात तोच थर वयाबद्दल सर्वांत कमी बोलतो. सोन्यात कार्बन नाही, ते गंजत नाही, आणि भक्त ते पुन्हा पुन्हा चढवत राहतात. पुजल्या जाणाऱ्या मूर्तीवर दिसणारे सोने हे बहुतेक वेळा शेवटच्या नवसाचे सोने असते.

तरीही सोने कसे लावले आहे हे पाहण्यासारखे असते. काठमांडू खोऱ्यातले नेवार कारागीर आणि तिबेटी-चिनी धातुमूर्तींचे कारागीर अग्निमुलामा वापरत. सोने पाऱ्यात कालवून तांब्यावर माखायचे आणि तापवायचे. ३५७ अंश सेल्सिअसला पारा उकळून उडून जातो आणि सोने धातूला घट्ट धरते. थोडा पारा मागे उरतोच आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या, म्हणजे कोणती मूलद्रव्ये आहेत ते दाखवणाऱ्या यंत्रात दिसतो. विजेच्या मुलाम्यात पारा नसतो, आणि तो मुलामा १८४० नंतरचा. म्हणून ‘पारा सापडला, म्हणजे जुनी’ असे समीकरण संग्राहकांत रूढ झाले आहे.

हे समीकरण दोन ठिकाणी मोडते. काठमांडू खोऱ्यातल्या पाटणमध्ये अग्निमुलामा आजही चालू आहे, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मूर्तीतही पारा निघेल. दुसरी मेख यांगचुनसारख्या मूर्तींची. इथे सोने वर्खाच्या रूपात लॅकरवर चिकटवलेले असते, पाऱ्याचा संबंध नसतो. पण वर्खाखालच्या लाल लॅकरमध्ये हिंगूळ असू शकतो आणि हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधकच. मायक्रॉनच्या अंशाएवढ्या वर्खातून यंत्राचे किरण सहज आरपार जातात आणि पडद्यावर सोने व पारा शेजारी-शेजारी उमटतात. ज्याने मूर्ती कशाची आहे हे न पाहता नुसता आकडा वाचला, तो लॅकरच्या वर्खाला अग्निमुलामा म्हणून मोकळा होतो.

झीज त्यापेक्षा बोलकी असते. जिथे हात लागतो, जिथे वस्त्र घासते, तिथे वर्ख जाऊन लाल थर दिसू लागतो. गुडघे, हातांची बोटे, खांद्यांची गोलाई हे उंचवटे आधी जातात, खोलगट भागात सोने टिकते आणि धूर साठतो. मुद्दाम जुनी केलेली मूर्ती सगळीकडे सारखी झिजलेली असते. कारण कागदाने घासणाऱ्याला घाई असते आणि भक्ताला नसते. आणि वस्त्रांमुळे झालेली झीज म्हणजे मूर्ती नेसवली जात होती याची खूण. संग्राहकाने इथे स्वतःला विचारायचे असते की ही वस्त्रे नेसवत कोण होते.

बैठकीवरचा मजकूर

मूर्तीतल्या कापडी बैठकीवर शाईने लिहिलेला मजकूर होता. त्यातूनच देहाला ‘लिउछुआन’ हे नाव मिळाले आणि प्रदर्शनात ही मूर्ती ‘गुरू लिउछुआन’ या नावाने मांडली गेली. पुढे मूर्तीवर हक्क सांगणाऱ्या चिनी बाजूने हाच मजकूर पूर्ण वाचून दाखवला. त्यात ‘झांगगोंग लिउछुआन झुशी’, म्हणजे गुरुपरंपरेतले आदरणीय झांगगोंग, असा उल्लेख होता आणि ‘पुझाओ’ या देवालयाचे नाव होते.

मला या प्रकरणातला कळीचा पुरावा हाच वाटतो. कार्बनचा पट्टा १३३ वर्षांत होऊन गेलेल्या कुठल्याही माणसाला लागू पडतो, तो एखाद्याला वगळू शकतो, ओळखू शकत नाही. सीटी स्कॅन सांगतो की आत प्रौढ माणूस आहे. व्यक्तीचे आणि जागेचे नाव एकत्र देणारी गोष्ट एकच, ती बैठक. आणि गंमत अशी की प्रदर्शनाच्या पाटीवर त्यातले व्यक्तीचे नाव आले, पण जागेचे नाव जिथे पोहोचायला हवे होते तिथे पोहोचले नाही. पुरातन वस्तूंच्या जगात हे नेहमी घडते. आतला लेख सापडला की तो वस्तूचे मोल वाढवणारा तपशील म्हणून वाचला जातो. पत्ता म्हणून फार थोडे लोक वाचतात.

यांगचुन

फुजियानमधल्या सानमिंग भागात दातिएन तालुका आहे, त्यात यांगचुन हे गाव. तिथल्या पुझाओ देवालयात झांगगोंग झुशींची मूर्ती होती, तिच्यावर यांगचुन आणि शेजारच्या दोंगपू या दोन्ही गावांचा हक्क होता. गावाच्या परंपरेनुसार झांगगोंग लहानपणी आईबरोबर इथे आले, पुढे भिक्षू झाले, लोकांच्या आजारपणात धावून जात आणि ऐन तारुण्यात बसल्या जागी देह ठेवून गेले. गावाने त्यांना ग्रामदैवत मानले. मूर्तीला टोपी आणि वस्त्रे घालत, उत्सवात मिरवत. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत, जेव्हा अशा मूर्ती फोडल्या जात होत्या, तेव्हा गावकऱ्यांनी ती घराघरांत लपवून वाचवली.

डिसेंबर १९९५ मध्ये ती चोरीला गेली. पोलिसांत तक्रार झाली. वस्त्रे मागे राहिली. काही काळाने गावाने तशीच दुसरी मूर्ती घडवून देवालयात बसवली आणि पूजा चालू ठेवली.

मार्च २०१५ मध्ये मूर्ती बुडापेस्टच्या हंगेरियन निसर्गविज्ञान संग्रहालयात प्रदर्शनात होती. तिथली छायाचित्रे पाहून यांगचुनचे लोक म्हणाले, हे आमचे झांगगोंग. त्याच महिन्यात संग्राहकाने मूर्ती प्रदर्शनातून काढून घेतली.

गावाकडे काय होते? चोरीआधीची छायाचित्रे, वंशावळीच्या वह्या, वस्त्रे, पोलिसांतली नोंद आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. संग्राहकाचे म्हणणे दोन पायांवर उभे होते. पहिले म्हणजे आपली मूर्ती चोरीच्या आधीच हाँगकाँगमध्ये होती, म्हणजे ती यांगचुनची असूच शकत नाही. दुसरे शारीरिक खुणांचे: गावकरी ज्या मूर्तीबद्दल बोलतात तिच्या डाव्या हाताला छिद्र होते आणि मान सैल होती, तसे आपल्या मूर्तीत काही नाही. चिनी बाजू म्हणत होती की खुणा जुळतात.

खुणांचा हा वाद वाचताना मघाचा मुद्दा आठवावा. लॅकरची मूर्ती दुरुस्तीला गेली की छिद्र बुजते, मान पक्की होते. १९९६ नंतरची दुरुस्ती तर दोन्ही बाजूंना मान्य होती. म्हणून ‘आज छिद्र दिसत नाही’ हे वाक्य फारसे काही सिद्ध करत नाही. सिद्ध करू शकले असते ते दुरुस्तीआधीचे छायाचित्र आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या टिपणांची वही. जुन्या मूर्तीला हात लावण्याआधी चारही बाजूंनी आणि बुडाकडून फोटो घ्यावेत, कुठे काय भरले ते लिहून ठेवावे, हा नियम कंटाळवाणा वाटतो. पण भांडण उभे राहिले की तोच मालकाला वाचवतो किंवा बुडवतो.

चौथी तारीख

डच कायद्यात चोरीच्या वस्तूबाबत दोन मुदती आहेत. प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्याकडून मूळ मालकाला चोरीनंतर तीन वर्षांच्या आत वस्तू परत मागता येते. आणि वीस वर्षे उलटली की मागण्याचा हक्कच संपतो, मग ताबेदाराची नियत काहीही असो, तो मालक ठरतो. डिसेंबर १९९५ मध्ये वीस मिळवा. गावकऱ्यांनी मूर्ती ओळखली तेव्हा ही मोठी मुदत संपायला जेमतेम नऊ महिने उरले होते. २०१५ च्या अखेरीस त्यांनी सानमिंगच्या न्यायालयात दावा लावला आणि २०१६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये. दरम्यान संग्राहकाने सांगितले की मूर्ती आता आपल्याकडे नाही, २०१५ च्या अखेरीस ती अदलाबदलीत दुसऱ्याला दिली. कोणाला, ते नाव उघड झाले नाही.

आंतरराष्ट्रीय करारांचा आधार का मिळाला नाही, असा प्रश्न साहजिक आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. चीन त्यात १९८९ मध्ये आला, नेदरलँड्स थेट २००९ मध्ये, आणि हा करार मागच्या तारखेने लागू होत नाही. १९९५ च्या जूनमध्ये, म्हणजे चोरीच्या सहा महिने आधी, रोममध्ये युनिड्रॉइट करार झाला. त्यात चोरीची वस्तू परत करावीच लागते आणि भरपाई हवी असेल तर खरेदीच्या वेळी पुरेशी चौकशी केल्याचे विकत घेणाऱ्याला दाखवावे लागते. चीनने तो १९९७ मध्ये स्वीकारला. नेदरलँड्सने सही केली, पण मान्यता दिली नाही. हाँगकाँग १ जुलै १९९७ पर्यंत ब्रिटिश वसाहत. चीनचा १९८२ चा सांस्कृतिक वारसा कायदा अशी मूर्ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेऊ देत नव्हता, पण सीमा ओलांडून हाँगकाँगच्या दुकानात पोहोचलेल्या वस्तूला हा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे. प्रत्येक कायद्याची तारीख या मूर्तीच्या वाटेपासून थोडी थोडी बाजूला पडली.

१२ डिसेंबर २०१८ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या जिल्हा न्यायालयाने दावा दाखल करून घेण्याजोगा नाही असे म्हटले. कारण तांत्रिक होते. दावा गाव समित्यांच्या नावे होता आणि डच न्यायालयापुढे उभे राहण्यासाठी लागणारे कायदेशीर व्यक्तित्व त्यांना आहे हे न्यायालयाला पटले नाही. बऱ्याच बातम्यांनी ‘संग्राहक जिंकला’ असे छापले. तसे झालेले नाही. मूर्ती कोणाची, ती यांगचुनचीच का, खरेदी प्रामाणिक होती का, यातल्या कशाचाही निवाडा तिथे झाला नाही. दोन गावांच्या शेकडो कुटुंबांचे सामायिक दैवत डच कायद्याच्या कोणत्या खान्यात बसते, या एकाच प्रश्नावर दार बंद झाले.

४ डिसेंबर २०२० ला सानमिंगच्या न्यायालयाने उलट निकाल दिला. मूर्ती ही चोरीला गेलेली झांगगोंग झुशींचीच आहे, ती गावकऱ्यांच्या सामायिक मालकीची आहे आणि ती परत करावी. मूर्ती चोरीच्या वेळी चीनमध्ये होती म्हणून चिनी कायदा लागू होतो, असा त्या निकालाचा पाया होता. आणि चिनी कायद्यात चोरीच्या सांस्कृतिक वस्तूवर प्रामाणिक खरेदीदाराला मालकी मिळत नाही. १९ जुलै २०२२ ला फुजियानच्या उच्च न्यायालयाने अपिलात तोच निकाल कायम केला. कुठल्या देशाचा कायदा लावायचा हे ठरले की निकाल जवळपास ठरलाच होता, आणि ते ठरवणारी गोष्ट म्हणजे मूर्ती कुठल्या दिवशी कुठे होती.

१९९६ मध्ये काय कळू शकत होते

संग्राहकाला चोर ठरवणे मला पटत नाही. १९९६ च्या बाजारात हाँगकाँगमार्गे आलेली मूर्ती पावती घेऊन विकत घेणे ही नेहमीची गोष्ट होती आणि आत देह आहे हे त्याला ठाऊक नव्हते. पण ‘त्या काळी सगळे असेच घेत’ हे स्पष्टीकरण खरेदीच्या दिवसापुरते पुरते. बुडाची फळी निघाल्याच्या दिवसापासून ते पुरत नाही.

खरेदीच्या दिवशीही काही प्रश्न विचारण्यासारखे होतेच. एवढ्या आकाराची, लॅकर आणि वर्खाची, वाहून नेताना तुटणारी मूर्ती कोणी दिवाणखान्यासाठी घडवत नाही. ती देवालयाच्या ओट्यासाठीच असते. धातूची वीतभर मूर्ती घरच्या देव्हाऱ्यातून, लष्करी लुटीतून, जुन्या मिशनऱ्याच्या पेटीतून अशा शंभर वाटांनी बाहेर येऊ शकते. माणसाएवढ्या मूर्तीला वाट एकच, कोणत्या तरी देवालयाचे दार. मग ते देवालय पडले का, विकले का, लुटले गेले का? विक्रेत्याकडे १९९५ च्या आधीचा एक फोटो, एक मालवाहतुकीचा कागद, एक जुनी पावती असती तर ‘चोरीच्या आधीच हाँगकाँगमध्ये होती’ हे विधान भक्कम झाले असते. मालकाच्या तोंडी आलेली तारीख आणि कागदावरची तारीख यांना न्यायालयात सारखे वजन मिळत नाही.

बंद बुड हाही एक इशारा असतो. तिबेटी आणि चिनी परंपरेत प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीत मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या, धान्य, लाकडाचा उभा दांडा अशा गोष्टी भरून तळ बंद करतात. तळ शाबूत म्हणजे प्रतिष्ठा शाबूत. आतला ऐवज तारखेसाठी सोन्याहून मोलाचा असतो, कारण कागद, कापड आणि धान्य यांची कार्बन तारीख निघते. म्हणून व्यापाऱ्यांना तळ उघडायचा मोह होतो आणि भक्तांच्या दृष्टीने तिथेच मूर्ती भंगते. सीटी स्कॅनमुळे हा पेच बराच सुटला आहे. तळ न उघडता आत काय आहे ते दिसते आणि नमुना हवाच असेल तर असलेल्या तड्यातून बारीक नळी जाऊ शकते.

फळी उघडल्यावर मात्र ही वस्तू संग्राहकाच्या नेहमीच्या चौकटीतून बाहेर पडली. आता तिच्यात एक माणूस होता, त्याला नाव होते आणि ते नाव कापडावर लिहिलेले होते. मृत माणूस कोणाच्या मालकीचा असतो, या प्रश्नाला मूर्तीच्या पावतीत उत्तर नाही. त्या वेळी चोरी होऊन फार तर वर्ष-दोन वर्षे झाली होती, तक्रार ताजी होती, तीन वर्षांची छोटी मुदतही संपलेली नव्हती. बैठकीवरच्या देवालयाच्या नावाची फुजियानमध्ये तेव्हाच चौकशी झाली असती, तर हा वाद दोन-चार पत्रांत मिटण्याची शक्यता होती. ती चौकशी झाली नाही. वीस वर्षांनंतर ती वकिलांमार्फत झाली, तोवर मूर्ती अनामिक तिसऱ्याकडे गेली होती, आणि फुजियानच्या उच्च न्यायालयाने ज्याच्याविरुद्ध आदेश दिला त्याच्या म्हणण्याप्रमाणे परत करायची वस्तू त्याच्या हातात नाही.